फारसी, उर्दू, विंडोज : व्यवस्था बदलते तेव्हा कागदांचं काय होतं?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या पूर्वी जशा आपोआप यायच्या, तशा येणं बंद झालं. पुढची आवृत्ती, म्हणजे विंडोज ११, जुन्या यंत्रावर नीट बसत नाही. तिला साधारण २०१८च्या पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. हिंगोली जिल्ह्यातल्या डीटीपीच्या दुकानांत, शाळांत आणि घरांत असलेली कितीतरी यंत्रं त्याच्या आधीची आहेत. ती भंगारात घालायची, धोका पत्करून तशीच चालवायची, नाहीतर फुकट मिळणारं लिनक्स टाकायचं, असे तीन रस्ते उरले. तिसरा रस्ता धरलेले बरेच जण मला गेल्या काही महिन्यांत भेटले. बहुतेकांची कहाणी एकच. पहिला आठवडा नवलाईचा, दुसरा कटकटीचा, आणि महिना संपायच्या आत कुणाकडून तरी पेनड्राइव्ह आणून पुन्हा विंडोज.

“लिनक्स चांगलं आहे हो, पण आपल्या कामाचं नाही,” हे वाक्य हिंगोलीत ऐकलं, वसमतला ऐकलं, कळमनुरीतही ऐकलं. माझी गोडी इतिहासातली. जुनी उर्दू कागदपत्रं वाचून देण्याचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं, संगणक हे माझं क्षेत्र नव्हे. पण या लोकांच्या तक्रारी नीट ऐकल्या, तेव्हा मला त्या ओळखीच्या वाटू लागल्या. मराठवाड्याने अशी व्यवस्था बदलण्याची वेळ दोनदा पाहिली आहे, आणि त्याची उरलेली बिलं आपण अजून भरतो आहोत.

दफ्तराच्या दोन बदल्या

हैदराबाद संस्थानाच्या दफ्तरात आधी फारसी होती. दिवाण पहिले सालारजंग यांचा फारसीवर जीव. १८८३मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यानंतर सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, त्याच दशकात, फारसीची जागा उर्दूने घेतली. तो बदल तुलनेने सोपा होता. लिपी जवळपास तीच, मिसल, दाखल, खारीज, तहसील हे शब्दही तेच. वाक्याची बांधणी बदलली, क्रियापदं बदलली. ज्याला फारसी येत होती त्याला उर्दू परकी नव्हती.

दुसरी बदली मोठी होती. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात विलीन झालं, १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. दफ्तर मराठीत आलं. ते यायलाच हवं होतं. ज्या मुलखातला शेतकरी मराठी बोलतो, त्याच्या जमिनीचा कागद त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत असावा, यात अन्याय होता, आणि उर्दूवर प्रेम असूनही मी तो अन्यायच म्हणेन. पण नव्या दफ्तराने जुने कागद नव्याने लिहून काढले नाहीत. सेतवार, पहाणी पत्रकं, इनामांचे मुंतखब जसे होते तसे बासनात बांधले गेले. ते वाचणारी माणसं एकेक करून गेली. आज कुणाच्या इनामाचा किंवा वाटणीचा दावा कोर्टात उभा राहिला की तेच कागद बाहेर निघतात आणि गावात शोध सुरू होतो : शिकस्ता कुणाला वाचता येतो?

२०२३मध्ये हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकालीन दफ्तरं उघडली गेली आणि पहिली अडचण आली ती उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची. लाखो लोकांच्या आशा ज्या कागदांवर होत्या ते कागद शाबूत होते, कपाटात होते, सरकारच्याच ताब्यात होते. तरी मोजकीच माणसं ते वाचू शकत होती.

व्यवस्था बदलली की माणूस रडतकढत नवी भाषा शिकतो. कागद शिकत नाही. लिनक्सवर जाऊन परत आलेल्या माझ्या ओळखीच्या लोकांचं नव्वद टक्के दुःख इथे आहे, असं मला वाटतं. (नव्वद हा आकडा बोलीभाषेतला समजावा, मी मोजणी केलेली नाही.)

एका प्रिंटरपासून

त्याआधी लिनक्स कुठून आलं ते थोडक्यात. या सगळ्याच्या मुळाशी एक प्रिंटर आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. तिथल्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्याने बदल करून ठेवला होता. कागद अडकला की ज्यांचं काम रांगेत आहे त्यांना संगणकावर सूचना जायची. १९८०च्या आसपास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याच्या प्रोग्रामची मूळ संहिता कंपनीने दिली नव्हती. दुसऱ्या विद्यापीठात ती ज्याच्याकडे होती त्यानेही दिली नाही, कारण त्याने गुप्ततेचा करार केला होता. स्टॉलमनने ही गोष्ट मनाला लावून घेतली. २७ सप्टेंबर १९८३ला त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला. अशी प्रणाली बनवायची की तिची संहिता कुणालाही वाचता येईल, बदलता येईल, वाटता येईल.

त्या प्रकल्पात गाभ्याचा भाग, म्हणजे कर्नल, मागे राहिला होता. तो २५ ऑगस्ट १९९१ला फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून करत असल्याचं जाहीर केलं. दोन्ही मिळून आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ते झालं. मात्र सामान्य माणसाला माउसने चालवता येईल असा संपूर्ण पडदा त्याला उशिरा मिळाला. जर्मनीतून केडीई १९९६मध्ये आणि मेक्सिकोतल्या दोघांनी सुरू केलेलं ग्नोम १९९७मध्ये. ज्यांना आधीच सगळं येत होतं त्यांनी स्वतःसाठी घर बांधलं आणि पाहुण्यांचा दरवाजा पाच-सहा वर्षांनी बसवला. नवशिक्याला अजूनही अधूनमधून मागच्या दाराने, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत जावं लागतं, त्याचं मूळ या क्रमात आहे.

आपल्याकडे लिनक्स पोचलं ते मासिकांबरोबर. ‘पीसी क्वेस्ट’ने १९९६पासून अंकासोबत त्याच्या सीडी द्यायला सुरुवात केली. २००४च्या ऑक्टोबरात उबुंटू आलं आणि पुढची काही वर्षं, २०११पर्यंत, पत्ता कळवला की ते सीडी पोस्टाने घरपोच फुकट पाठवायचे. परदेशातून आलेलं ते पाकीट हातात घेऊन कॉलेजची पोरं आठवडाभर मिरवायची. सीडी घातली की पडदा सुंदर यायचा. मग इंटरनेट जोडायची वेळ यायची. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून नेट चालायचं आणि स्वस्त संगणकात जे मोडेम बसवलेले असायचे त्यांचं निम्मं काम विंडोजचं सॉफ्टवेअर करायचं. लिनक्समध्ये ते मोडेम म्हणजे नुसता पत्र्याचा तुकडा. त्यावर इलाज होता, पण तो इंटरनेटवरून उतरवायचा होता. आजार हाच की नेट लागत नाही, आणि औषध नेटवर. पुढे मोडेम गेले, वाय-फायच्या चिपा आल्या आणि बराच काळ तोच खेळ नव्याने झाला. प्रिंटरचंही तसंच. संगणक आणि प्रिंटर ज्या भाषेत बोलतात ती बनवणाऱ्याने उघड केलेली असेल तर लिनक्सवर छपाई बिनबोभाट होते, नसेल तर दुकानदाराचा एक आख्खा दिवस जातो. स्टॉलमनची चाळीस वर्षांपूर्वीची चिडचिड हिंगोलीच्या झेरॉक्स-दुकानात जशीच्या तशी पाहायला मिळते.

ही सगळी यंत्राची भांडणं. ती सुटत जातात, बरीच सुटलीही. अक्षराचं भांडण जास्त खोल आहे.

अक्षरं कुणाच्या मालकीची?

माझा एक मित्र वसमतला लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जलशांची पोस्टरं करतो. आमच्याकडच्या मुस्लिम लग्नाची पत्रिका बहुधा दोन तोंडांची असते, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. त्यामुळे त्याच्या संगणकात वीस-बावीस वर्षांची दोन्ही लिपींची कामं साठलेली आहेत. त्याने यंत्र लिनक्सवर नेलं आणि पहिली मराठी फाइल उघडली तेव्हा पडद्यावर देवनागरीचं एकही अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि चिन्हं यांचा नुसता काला.

नव्या माणसाला वाटतं, लिनक्सने फाइल खराब केली. खरी गोष्ट उलटी आहे. त्या फाइलीत मराठी कधी नव्हतंच. युनिकोडच्या आधीच्या काळात संगणकाकडे जेमतेम २५६ घरं होती, त्यातली निम्मी इंग्रजीने व्यापलेली. मग फाँट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या घरातच देवनागरीचा तुकडा बसवला. कुठे काना, कुठे अर्धा ‘म’, कुठे रफार. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच राहिलं, फक्त अंगरखा मराठीचा. श्री-लिपीचे फाँट, सी-डॅकच्या सॉफ्टवेअरमधले योगेश आणि सुरेख, शिवाजी, कृतिदेव, सगळे या जातकुळीतले. आणि एकाची मांडणी दुसऱ्याशी जुळत नाही. अंगरखा काढला की आतलं इंग्रजी उघडं पडतं.

जाणकार म्हणतात, त्यात काय, तोच फाँट लिनक्समध्ये टाका, अक्षरं दिसतील. दिसतात. पण टाइप होत नाहीत. ज्या सॉफ्टवेअरमुळे कळफलकावरची बोटं त्या तुकड्यांपर्यंत पोचायची ते विंडोजसाठीच बनलेलं, आणि कधी कधी संगणकामागे लावायच्या डोंगलला बांधलेलं. पत्रिका पेजमेकरमध्ये, तर पेजमेकरच केव्हाचं बंद पडलेलं. लिब्रेऑफिस २०१५पासून पेजमेकरच्या फाइली उघडतं खरं, पण मांडणी इकडेतिकडे झालेली, आणि ज्या फाइलीची भाषाच नकली आहे ती उघडून उपयोग किती?

इथे एक गोष्ट आपल्या बाजूने सांगितली पाहिजे. हे फाँट करणारी माणसं चोर नव्हती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने आणि सी-डॅकने मराठी छापखाना खिळ्यांतून सोडवून संगणकावर आणला, तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला होता, इस्की हे मानकही आलं होतं, आणि त्याच्या १९८८च्या आवृत्तीच्या पायावर १९९१मध्ये युनिकोडमध्ये देवनागरी गेली. म्हणजे सामाईक भाषा कागदावर तयार होती. दुकानापर्यंत यायला तिला पंधरा-वीस वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात अर्ध्या महाराष्ट्राचं दफ्तर खासगी अंगरख्यात शिवलं गेलं.

युनिकोड आलं म्हणून लिनक्सवरचं मराठी लगेच सुधारलं असंही नाही. सुरुवातीची वर्षं ‘र’ची होती. मराठीत दोन रफार आहेत, हे हिंदीवरून देवनागरी शिकलेल्या जगाला ठाऊक नव्हतं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, फारसीतून आलेला. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हा दुसरा, अर्ध्या चंद्रासारखा ‘र’ जुन्या लिनक्सवर बऱ्याच फाँटांत मोडून पडायचा आणि आमच्या शेजारच्या वऱ्हाडाचं ‘वर्हाड’ व्हायचं. ‘ॲ’ची गोष्ट तशीच. ॲडव्होकेट, ॲम्ब्युलन्स, ॲप लिहायला लागणारं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८च्या ५.१ आवृत्तीत आलं. तोवर ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवावं लागे आणि काही ठिकाणी तो चंद्र शेजारी ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसे. ‘ल’ आणि ‘श’ ही मराठी वळणाची हवीत, हिंदी वळणाची नकोत, हे सांगायलाही कुणीतरी लागलं. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या भाषा-विभागातली मंडळी आणि ठिकठिकाणचे स्वयंसेवक यांनी लोहित नावाच्या मुक्त फाँटांवर आणि मराठी पडद्यांवर खपून हे दुरुस्त केलं. या कामाला कुणी पुरस्कार दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आज लिनक्सवर मराठी स्वच्छ दिसते आणि ती मूळ कळफलकासह येते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

पण कळफलक इनस्क्रिप्टचा. आणि आपले टंकलेखक शिकले रेमिंग्टनवर, टाइपरायटरवर. तरुण पिढी शिकली रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवायला. वीस वर्षं ज्या बोटांनी मिनिटाला चाळीस शब्द काढले, त्यांना पहिल्या दिवशी ‘क’ शोधावा लागतो. गिऱ्हाईक समोर उभं असताना ही काही थोडी नामुष्की नाही.

नस्तालीक आणि हर्फ-बाज

पत्रिकेची दुसरी बाजू उर्दूची. तिचा मसला आणखी नाजूक.

उर्दू नस्तालीकमध्ये लिहितात. ओळ उजवीकडून डावीकडे जाता जाता खाली उतरते, अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर बसतात. खिळ्यांच्या छपाईला हे कधीच जमलं नाही, म्हणून उर्दू वर्तमानपत्रं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही कातिबांकडून हाताने लिहून घेतली जात. चेन्नईचं ‘द मुसलमान’ हे १९२७चं दैनिक तर संगणकाच्या युगातही हातानेच लिहून निघत राहिलं. पाकिस्तानातले खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षरं एकेक करून हाताने रेखाटली आणि १९८१मध्ये त्यांच्यापासून नूरी नस्तालीक हा संगणकीय फाँट झाला. नाव वडिलांवरून, तेही कातिबच. १९९४मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणलं आणि दख्खनपासून कराचीपर्यंत उर्दूचा सगळा धंदा त्यावर गेला. विंडोजवर. जुन्या इनपेजची फाइलही मराठीच्या त्या फाँटांसारखीच, स्वतःच्या खासगी भाषेत.

लिनक्स टाकल्यावर उर्दू दिसते, अक्षर मोडत नाही, पण वर्षानुवर्षं ती सहसा नस्खमध्ये, म्हणजे अरबी वळणात दिसायची. आमच्या बुजुर्गांना तशी उर्दू वाचवत नाही. अक्षरं तीच, तरी चेहरा परका. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतल्या मुलाला पाठ्यपुस्तकात एक उर्दू आणि पडद्यावर दुसरी असा घोळ व्हायचा. आता युनिकोडमधले नस्तालीक फाँट फुकट मिळतात, पण ते आहेत हे सांगणारं आणि टाकून देणारं कुणीतरी शेजारी लागतं.

इथे एक गमतीची गोष्ट. लिनक्सवर मराठीची जोडाक्षरं आणि उर्दूची उतरती ओळ, ही दोन्ही जुळवण्याचं काम एकच प्रोग्राम करतो. त्याचं नाव हर्फबझ. हा शब्द फारसी आहे, ‘हर्फ-बाज’, म्हणजे खुलं अक्षर. ‘ओपनटाइप’ या इंग्रजी नावाचा तर्जुमा. त्याचं आजचं रूप घडवलं ते बेहदाद इस्फहबोद या इराणी माणसाने. अँड्रॉइड फोन, फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस, सगळीकडे अक्षरं हाच जुळवतो. मीर महबूब अली खानांच्या दफ्तरातून निघून गेलेली फारसी अशी गुपचूप वसमतच्या लग्नपत्रिकेत परत येऊन बसली आहे, आणि ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ्हा’ही तीच सांभाळते.

शिकवणी आणि तर्जुमा

महाराष्ट्रात २००१मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि पाठोपाठ एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यात निघाले. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागलं. खेड्यातल्या मुलींनी पहिल्यांदा माउस हातात धरला तो या वर्गांत. त्याचं श्रेय मी नाकारणार नाही. पण तिथे संगणक म्हणजे विंडोज आणि लिहिणं म्हणजे वर्ड असंच शिकवलं गेलं. कोणत्या कोपऱ्यात कोणतं बटण आहे हे पाठ झालं. केरळने वेगळं केलं. त्याच दशकात तिथल्या सरकारी शाळांनी मुलांना लिनक्सवर शिकवायला घेतलं, शिक्षकांना आधी तयार केलं आणि परीक्षाही त्यावरच घेतल्या. तिथली पिढी लिनक्सला ‘नवीन’ म्हणत नाही. सी-डॅकने २००७मध्ये बॉस नावाचं भारतीय लिनक्स काढलं, त्यात मराठीही होती. आमच्या भागात ते वापरणारा मला एकही भेटला नाही. शिकवणारा नसेल तर फुकटचंही महाग पडतं.

मग तर्जुम्याचा प्रश्न. लिनक्सचा पडदा संपूर्ण मराठीत करता येतो, ही अभिमानाची गोष्ट. पण इंग्रजीत ‘प्रिंट’ शोधायला शिकलेला माणूस ‘मुद्रण’वर थबकतो. हा पेच निजामाच्या हैदराबादने पूर्वीच अनुभवलेला आहे. १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून उभं राहिलं. त्याच्या आदल्याच वर्षी पाठ्यपुस्तकांसाठी दारुल तर्जुमा काढला होता. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक हे औरंगाबादेत राहून अंजुमन तरक्की-ए-उर्दू चालवणारे, म्हणजे मराठवाड्याला जवळचे. वैद्यक, रसायन, गणित, सगळं उर्दूत आणायचं ही जिद्द भव्य होती. इंग्रजांच्या काळात एका देशी भाषेत संपूर्ण विद्यापीठ चालवणं ही लहान गोष्ट नव्हे. पण शब्द घडवले ते अरबी-फारसीच्या मुशीत, आणि संस्थानातली बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी. परभणी-हिंगोलीच्या पोराला इंग्रजी संज्ञा अवघड होती, तशी ही नवी उर्दू संज्ञाही अवघडच. संगणकाच्या मराठीकरणात अरबीच्या जागी संस्कृत आली, एवढाच फरक. ‘फाइल’ शब्द कचेरीतल्या शिपायालाही कळतो. तिला ‘धारिका’ म्हटल्याने मराठी श्रीमंत झाली की तिचा एक वापरणारा कमी झाला, याचा विचार करणाऱ्यांनी करावा.

बदलाचा त्रास अडाण्यालाच होतो असंही समजू नये. २०११मध्ये ग्नोमने आपला पडदा मुळापासून बदलला, तेव्हा खुद्द लिनस टोरवाल्ड्सने जाहीरपणे वैताग व्यक्त करून दुसरा पडदा धरला होता. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक नेले, आणि २०१७मध्ये विंडोजवर परतण्याचा ठराव केला. बाहेरच्या कार्यालयांशी कागदांची देवाणघेवाण हे तिथेही एक मोठं दुखणं होतं. पैसा होता, माणसं होती, तरी कागदांनी छळलं. आमच्या मित्राने एका महिन्यात हात टेकले असतील तर त्याला नावं ठेवू नयेत.

आणि तरीही लिनक्स हिंगोलीत येणार आहे. आलेलंच आहे, प्रत्येकाच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात. शिवाय औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मान्यता दिली, २०२३च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेली, गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा. अमेरिकेतल्या लायगोची यंत्रणा लिनक्सवर चालते आणि तिच्या विदेचा हिशोबही लिनक्सच्या संगणकांवर होतो. औंढ्याच्या शाळेतल्या ज्या मुलीला तिथे कामाला लागायचं असेल, तिला तो काळा पडदा शिकावा लागेल. ती तिथे जाईल तेव्हा मागे तिची कुठलीही जुनी फाइल अडकलेली नसेल, हे तिचं भाग्य.

वसमतच्या मित्राने अखेर मधला मार्ग काढला. दुकानात आता दोन यंत्रं आहेत. नवं काम लिनक्सवर, युनिकोडमध्ये. जुनं विंडोजचं यंत्र नेटची वायर काढून कोपऱ्यात ठेवलंय, मागे डोंगल तसाच. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की तो जुन्या मराठी फाइली एकेक करून युनिकोडमध्ये बदलून घेतो. असे बदलणारे प्रोग्राम फुकट मिळतात. पण जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, रफाराचंही उलटसुलट होतं, त्यामुळे प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. ‘ऱ्या’ तर हमखास चुकतो. गेल्या आठवड्यात त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा तो २००९च्या पत्रिकांपर्यंत पोचला होता. त्यातली काही लग्नं मोडली, काही माणसं गेली, तरी पत्रिका तो टाकत नाही, कारण तारखेच्या पुराव्यासाठी लोक अजून मागायला येतात.

इनपेजच्या फाइलींना त्याने अजून हात लावलेला नाही. उर्दू तपासायला मी बसावं, असं त्याचं म्हणणं आहे.